कॅज्युअल्टीत ‘ड्रग टेस्ट निगेटिव्ह’ आली म्हणजे नक्की कशाला निगेटिव्ह? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लॅब टेक्निशियन आहे, खान्देशातच सरकारी आणि खासगी दोन्हीकडे कॅज्युअल्टीच्या रात्रपाळ्या केल्यात. नशेच्या गोळ्या, फेंटॅनिल, युरिन टेस्ट यावर मला पालक, ट्रक ड्रायव्हर, मेडिकलवाले, आशाताई, इंटर्न पोरं असे सगळे प्रश्न पाठवत असतात आणि तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच इथं नीट लिहून ठेवतोय. माझं म्हणणं आधीच सांगतो. कॅज्युअल्टीत नशेची युरिन टेस्ट करायची असेल तर तिच्यात सिंथेटिक ओपिऑइड असणं सक्तीचं पाहिजे, आणि काय तपासलेलं नाही ते रिपोर्टवर छापलेलं पाहिजे.

१. ओपिऑइड म्हणजे काय आणि त्यात सिंथेटिक कोणतं?

ओपिऑइड म्हणजे अफूतून निघणारी आणि तिच्यासारखंच काम करणारी औषधं. अफूच्या बोंडातून जे थेट निघतं ते मॉर्फिन आणि कोडीन. मॉर्फिनवर प्रक्रिया केली की हेरॉइन, म्हणजे आपल्याकडची ब्राऊन शुगर. सिंथेटिकला अफूचं झाड लागतच नाही, ते पूर्ण कारखान्यात बनतं, शरीरात मात्र त्याच जागी जाऊन बसतं आणि तेच करतं: दुखणं थांबवतं, गुंगी आणतं आणि जास्त झालं तर श्वास बंद पाडतं. फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मेथाडोन हे सगळे त्यातले. फेंटॅनिल १९६० च्या सुमारास बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या लॅबमध्ये तयार झालं, ते मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तेज आहे, म्हणून त्याचा डोस मिलिग्रॅममध्ये नाही तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. औषध म्हणून ते वाईट नाही हेही सांगतो, ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देताना ते रोज वापरतात.

२. नेहमीच्या युरिन टेस्टमध्ये हे सगळं येतच असेल ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात, डॉक्टरसुद्धा.

पाच-सहा पट्ट्यांचं जे नेहमीचं किट असतं त्यात ‘ओपीआय’ किंवा ‘एमओपी’ अशी एक पट्टी असते. तिच्यातलं रसायन मॉर्फिनचा आकार ओळखायला बनवलेलं आहे, त्यामुळे मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन सापडतं कारण ते एकाच घरातले. फेंटॅनिलचा आकार एकदमच वेगळा, पट्टी त्याला ओळखतच नाही. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मेथाडोनचंही तसंच. माणूस फेंटॅनिलने मरायला टेकलेला असला तरी ती पट्टी निगेटिव्ह येऊ शकते, आणि किट खराब नसतं, त्याला तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

एक रात्र मी विसरत नाही. एका तालुक्याच्या गावाहून विशीतला पोरगा आणला, बेशुद्ध, श्वास मिनिटाला सहा-सात. बाप दारात एकच सांगत होता, “पोऱ्या उठी नही ऱ्हायना, भाऊ.” युरिन माझ्याकडे आली, सगळ्या पट्ट्या निगेटिव्ह, मी तसा रिपोर्ट दिला. डॉक्टरांनी नशेचा विचार सोडला आणि मग मण्यार चावली का, फवारणीचं औषध पोटात गेलं का हे शोधण्यात वेळ गेला, पोराला नळी टाकून मशीनवर घ्यावं लागलं. पहाटे बापाने पॅन्टच्या खिशातून टॅपेंटाडॉलचं रिकामं पाकीट काढून आणलं. पोरगा वाचला पण मधले तीन-साडेतीन तास त्या माझ्या कागदाने खाल्ले. त्या कागदावर ‘टॅपेंटाडॉल, ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल तपासलेले नाही’ एवढी एक ओळ असती तर डॉक्टरांनी तो रिपोर्ट वेगळ्या नजरेने वाचला असता.

३. अमेरिकेत यासाठी कायदा केलाय म्हणतात, त्यात नक्की काय आहे?

कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, त्याला ‘टायलर्स लॉ’ म्हणतात. १९ वर्षांच्या एका मुलाला ओव्हरडोस म्हणून इमर्जन्सीत नेलं होतं, तिथली ड्रग टेस्ट निगेटिव्ह आली आणि नंतर तो फेंटॅनिलने गेला. त्या हॉस्पिटलच्या टेस्टमध्ये फेंटॅनिल नव्हतंच हे त्याच्या आईला मागाहून कळलं आणि ती या कायद्याच्या मागे लागली. मेरिलँड राज्यानेही २०२३ मध्ये असा कायदा केला.

लोक समजतात तसं प्रत्येक पेशंटची सक्तीने लघवी तपासा असं यात नाहीये. निदानासाठी हॉस्पिटल युरिन ड्रग स्क्रीन करणार असेल तर त्यात फेंटॅनिल धरलंच पाहिजे, एवढंच आहे. टेस्ट करायची का नाही ते डॉक्टरच ठरवतो. त्यांच्याकडे गरज किती होती ते बघा, २०२२ मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसने १ लाखाच्या वर माणसं गेली आणि त्यातल्या दर दहातल्या जवळपास सात मृत्यूंमध्ये सिंथेटिक ओपिऑइड होतं, मुख्य म्हणजे फेंटॅनिल.

४. आपल्याकडे असा नियम आहे का?

नाही. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे नशेच्या पदार्थांवरचा कायदा आहे, पण तो बाळगणं, विकणं, सेवन करणं यावर बोलतो, कॅज्युअल्टीच्या युरिन टेस्टमध्ये काय काय असावं यावर नाही. कोणतं किट घ्यायचं ते खरेदीच्या वेळी ठरतं आणि तिथं जे नेहमी येतं तेच परत येतं.

५. पण भाऊ, जळगाव-धुळ्यात फेंटॅनिल आहे कुठं? अमेरिकेचं दुखणं आपल्या गळ्यात कशाला?

बरोबर प्रश्न आहे. अमेरिकेसारखं रस्त्यावर फेंटॅनिल आपल्याकडे नाही. आपलं सिंथेटिक ओपिऑइड म्हणजे ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉल, मेडिकलमधल्या दुखण्याच्या गोळ्या. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आलं, त्यानंतर टॅपेंटाडॉलचं नाव जास्त ऐकू यायला लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं औषध) एकत्र केलेल्या गोळ्या आपल्याच महाराष्ट्रातून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जातात हे बीबीसीने बाहेर काढलं आणि सरकारला त्या मिश्रणाची निर्यात बंद करावी लागली. माल आपल्या राज्यात बनत होता म्हटल्यावर हे दूरचं दुखणं कसं म्हणायचं?

एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्व्हेत देशात सुमारे २ टक्के लोक कुठलं ना कुठलं ओपिऑइड घेतात असं आलं, आणि औषधी ओपिऑइड घेणारे जवळपास १ टक्का होते, अफू घेणाऱ्यांपेक्षा जास्त. आपला भाग कसा आहे बघा: सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा दोन्ही हायवे धुळ्यात भेटतात, वर सेंधवा-बऱ्हाणपूरकडून मध्य प्रदेश, नवापूरकडून गुजरात, रावेर-सावद्याहून केळीच्या गाड्या रात्रंदिवस उत्तरेला चाललेल्या. ड्रायव्हर लोकांत डोडा, म्हणजे अफूच्या बोंडाची टरफलं, जुना आहे. डोड्यात मॉर्फिन असतं म्हणून जुनी पट्टी त्याला पकडते, तोच ड्रायव्हर कंबरदुखीसाठी टॅपेंटाडॉल खायला लागला की पट्टीला तो दिसेनासा होतो. म्हणून मी नियम मागतो तो नुसत्या फेंटॅनिलचा नाही, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल तिन्हीचा मागतो.

६. कुत्ता गोळी म्हणजे हेच का?

नाही. मालेगाव-धुळ्याकडे कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलाम, झोपेच्या-घाबरण्याच्या औषधातली, ओपिऑइड नाही. नेहमीच्या किटमध्ये तिची वेगळी पट्टी असते, ‘बीझेडओ’ लिहिलेली, तिच्यावर ती बऱ्याचदा येते. अडचण अशी की पोरं दोन्ही एकत्र घेतात, वर दारू, आणि ती बेरीज श्वासावर फार वाईट पडते. रिपोर्टला बीझेडओ पॉझिटिव्ह दिसलं की सगळे म्हणतात सापडलं कारण, झोपू द्या, उतरेल. खाली टॅपेंटाडॉल लपलेलं राहतं. एक गोष्ट सापडली म्हणून दुसरी शोधायची थांबवू नका.

७. घरात कुणी असं पडलेलं दिसलं तर ओळखायचं कसं, काय करायचं?

तीन गोष्टी बघा: हलवून, हाक मारून उठत नाही, श्वास एकदम मंद किंवा घोरल्यासारखा घरघर अडखळत, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ओठ आणि नखं निळी-काळपट पडायला लागली असतील तर वेळ खूपच कमी आहे. बाहुली बारीक नसली तरी मंद श्वास हाच मोठा धोका समजा, ट्रॅमाडॉलमध्ये किंवा मिश्र नशेत बाहुली फसवते.

१०८ लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा म्हणजे उलटी छातीत जाणार नाही. श्वास थांबला असेल किंवा थांबत आला असेल तर तोंडाने श्वास द्या, फोनवर सांगतील तसं करा. मिठाचं पाणी, ताक, लिंबू काहीही पाजू नका, बेशुद्ध माणसाच्या ते सरळ फुफ्फुसात जातं. गार पाणी ओतण्यात, चापट्या मारण्यात वेळ घालवू नका. आणि खिसे, गादी, बाथरूम, मोटरसायकलची डिक्की बघून जे पाकीट, रॅपर, बाटली सापडेल ते सगळं पिशवीत घालून बरोबर आणा. घरची इज्जत म्हणून ते लपवतात, मी समजू शकतो, पण कुठल्याही पट्टीपेक्षा ते रिकामं पाकीट डॉक्टरला जास्त सांगतं.

८. फवारणीच्या औषधानेही बाहुली बारीक होते ना? मग फरक कसा कळणार?

होते, आणि आपल्या कपाशीच्या भागात हा घोळ खरा आहे. बारीक बाहुली दिसली की कॅज्युअल्टीत पहिला विचार फवारणीच्या विषाचाच येतो आणि तो यायलाच पाहिजे. ऑर्गॅनोफॉस्फेट विषात माणूस ओला असतो: तोंडाला फेस, लाळ, दरदरून घाम, डोळ्यातून पाणी, छातीत खरखर, संडास, अंगाला औषधाचा वास. ओपिऑइडमध्ये माणूस कोरडा आणि शांत असतो, फक्त श्वास हळूहळू कमी होत जातो. पहिल्यात अ‍ॅट्रोपिन हा उतारा लागतो, दुसऱ्यात नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा उतारा, म्हणून सुरुवातीची दिशा चुकली तर महागात पडते. आता विचार करा, दिशा ठरवायच्या त्या क्षणाला लॅबकडून अर्धवट निगेटिव्ह रिपोर्ट गेला तर काय होईल. प्रश्न २ मधलं तेच झालं.

९. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर थांबतात का? मग टेस्ट सक्तीची करून उलट उशीरच होईल.

थांबायचं नसतंच. श्वास मंद आहे म्हटल्यावर आधी ऑक्सिजन, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ओपिऑइडचा संशय असेल तर नॅलोक्सोन, टेस्ट मागून. नॅलोक्सोन शिरेतून दिलं की दोन-तीन मिनिटांत फरक दिसायला लागतो आणि ओपिऑइड नसेल तर त्याने सहसा नुकसान होत नाही, म्हणून ते देणं हीसुद्धा एक परीक्षाच आहे. ट्रॅमाडॉलमध्ये मात्र जपून, त्यात झटके येऊ शकतात आणि नॅलोक्सोनने पूर्ण उतारही पडत नाही.

मग टेस्ट कशासाठी? पुढच्या बारा तासांसाठी. किती वेळ ठेवायचं, कोणत्या वॉर्डात, जागा झाल्यावर त्याच्याशी काय बोलायचं, त्याच गावातून आठवड्यात तिसरा पेशंट आला तर आरोग्य विभागाला कळवायचं का, हे सगळं नाव कळल्यावरच ठरतं.

१०. इंजेक्शन दिल्यावर भाचा उठून बसला, बोलायला लागला. घरी नेलं तर चालेल का?

नाही, कृपा करून नाही. नॅलोक्सोनचा असर अर्धा ते दीड तास राहतो, पोटातली गोळी त्याच्यापेक्षा जास्त वेळ काम करते, त्यात ती हळूहळू सुटणारी असेल तर फारच. औषध उतरलं की श्वास परत मंदावतो आणि तेव्हा माणूस घरी झोपलेला असतो, सगळे म्हणतात दमलाय, झोपू द्या. इंजेक्शनने अंग मोडून येतं, चिडचिड होते, पेशंट स्वतःच म्हणतो मला जाऊ द्या, मग मामा-काका ‘लामा’च्या, म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय अशा कागदावर सही करतात. ती सही करू नका. बिलाची काळजी असेल तर डॉक्टरला सांगून सरकारीत रेफर करून घ्या, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

११. खसखस खाल्ली, टीबीच्या गोळ्या चालू आहेत, तरी पॉझिटिव्ह येतं म्हणे?

येऊ शकतं. खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो, जास्त खाल्ली तर मॉर्फिनची पट्टी पॉझिटिव्ह दिसू शकते. टीबीतलं रिफाम्पिसिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स ही काही किटमध्ये त्याच पट्टीला फसवतात. कोडीनचा खोकल्याचा सिरप घेतला असेल तर ते खरंखुरं पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरने दिलेलं असलं तरी. फेंटॅनिलच्या टेस्टला लॅबेटॅलॉल, रिस्पेरिडोन अशी औषधं काही वेळा फसवतात.

म्हणून पट्टीवरचा रिपोर्ट हा संशय समजायचा, पक्कं करायचं तर एलसी-एमएस सारखी मोठी तपासणी लागते आणि ती मुंबई-पुण्याला पाठवावी लागते. पट्टीच्या जोरावर कुणाला नशेडी ठरवू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सॅम्पलबरोबर द्या, नंदुरबारकडच्या पाड्यांवरून येणाऱ्यांनी तर टीबीचं कार्ड बरोबर ठेवाच.

१२. अ‍ॅक्सिडेंटच्या पेशंटला दवाखान्यानेच फेंटॅनिल दिलं आणि मग टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर?

हा अवघड अपवाद आहे आणि नियम करताना तो लिहूनच ठेवायला पाहिजे. नळी टाकताना, हाड बसवताना फेंटॅनिल देतात, त्यानंतर घेतलेली लघवी पॉझिटिव्ह येणारच. उपाय सोपा आहे: जमलं तर सॅम्पल औषधाच्या आधी, नाही जमलं तर सॅम्पलची वेळ आणि औषधाची वेळ दोन्ही रिपोर्टवर. एकदा घेतलेलं फेंटॅनिल लघवीत साधारण १ ते ३ दिवस दिसतं, रोज घेणाऱ्यात आणखी बरेच दिवस, कारण ते चरबीत साठतं. त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे ‘आत्ता या क्षणी त्याच्याच असराखाली आहे’ असाही अर्थ होत नाही, ड्रायव्हर लोकांसाठी हे फार महत्त्वाचं.

१३. टेस्ट पॉझिटिव्ह आली की पोलिस केस होते का? या भीतीनेच लोक दवाखान्यात आणत नाहीत.

ही भीती खरी आहे आणि यानेच माणसं मरतात. विषबाधा, ओव्हरडोस म्हटलं की बहुतेक ठिकाणी एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते, टेस्ट केली काय नाही केली काय, म्हणजे टेस्ट टाळून पोलिसांची नोंद टळत नाही. एमएलसी म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही, ती नोंद असते. उपचार आधी, कागद मागून, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय, आणि ते सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे.

सेवन हा एनडीपीएसच्या कलम २७ खाली गुन्हा आहे हे लपवत नाही. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल तर सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या केसमध्ये त्याच्यावर खटला चालवायचा नाही. आपल्या नियमात माझ्या मते आणखी एक ओळ पाहिजे, की निदानासाठी केलेला हा रिपोर्ट उपचारासाठीच आहे, आणि वर जे आकडे जातील ते नावाशिवाय जातील. मेरिलँडच्या कायद्यातही आरोग्य खात्याकडे माहिती ओळख काढूनच पाठवायची आहे. ही ओळ नसेल तर मी स्वतःच या सक्तीच्या बाजूने उभा राहणार नाही.

१४. मेडिक्लेम नाकारतील का?

नाकारू शकतात. व्यसनामुळे लागलेल्या उपचारांचा खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. म्हणून औषध डॉक्टरच्या चिठ्ठीने चालू होतं का, दवाखान्याने दिलं का हे केसपेपरवर लिहून घ्या (प्रश्न ११ आणि १२). पण क्लेमसाठी टेस्ट नको असं सांगू नका.

१५. आजोबांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटॅनिलचा पॅच लावतो, त्याने घरात धोका आहे का?

आजोबांना डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे लावला तर तो त्यांचा हक्काचा आधार आहे, बंद करू नका. धोका लहान मुलांना आहे. वापरून काढलेल्या पॅचमध्येही बरंच फेंटॅनिल उरलेलं असतं, मुलाने तो चिकटवला किंवा तोंडात घातला तर जीव जाऊ शकतो. काढल्यावर चिकट बाजू आत करून दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध भराभर आत जातं, आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हातही बसवू नका. घरात पॅच असेल आणि मूल गुंगीत दिसलं तर कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य तेच सांगा, कारण नेहमीच्या पट्टीवर ते येणार नाही.

१६. तिन्ही नव्या पट्ट्या पण निगेटिव्ह आल्या आणि लक्षणं तीच, मग?

मग लक्षणांवर विश्वास ठेवायचा. आता नायटाझीन नावाचा नवा गट जगभर दिसायला लागलाय, तो फेंटॅनिलच्या पट्टीवरही येत नाही. ट्रॅमाडॉलच्या पट्टीवर टॅपेंटाडॉल येईलच असंही धरू नका, त्याची वेगळी मागवावी लागते. ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन या दुसऱ्या ओपिऑइडच्याही वेगळ्या. म्हणून तर ‘काय तपासलं नाही’ ती ओळ मला नव्या किटमध्येही हवी आहे.

१७. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या ठिकाणी, ग्रामीण रुग्णालयात हे जमणार का?

पट्टीला मशीन लागत नाही, पाच मिनिटांत वाचता येते, त्यामुळे जमतं. अडचण साठ्याची आहे, पेशंट कमी तर किट पडून एक्सपायर होतात. माझं मत असं की ग्रामीण रुग्णालयात आधी नॅलोक्सोन असलंच पाहिजे, मग थोड्या पट्ट्या, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्ण पॅनेल. लहान ठिकाणी टेस्ट नसेल तर रेफर करताना सॅम्पल आणि रिकामं पाकीट पेशंटबरोबर पाठवा. मागणी करायची तर रुग्ण कल्याण समितीकडे लेखी द्या, प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना. आणि रिपोर्टवरच्या त्या एका ओळीला तर कसलाच निधी लागत नाही, कुठल्याही लॅबवाल्याने उद्या सकाळपासून सुरू करावी, मी माझ्या फॉरमॅटमध्ये टाकली आहे.

१८. मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलाय, आता टेस्ट निगेटिव्ह येते. आता काळजी मिटली ना?

माय, हाच काळ सगळ्यात जपायचा. महिना-दोन महिने बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते, पूर्वी तो सहा गोळ्या पचवायचा आणि परत मोह झाला तर हात सहाकडेच जातो, पण आता तेवढ्यात श्वास थांबू शकतो. तुरुंगातून किंवा लांबच्या आजारपणातून सुटून आलेल्यांचंही हेच. त्याला हे रागावून नाही, जवळ बसवून सांगा. एकट्याने खोलीची कडी लावून झोपू देऊ नका, रात्री एकदा उठून श्वास बघा, प्रश्न ७ मधली लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत करून द्या. बोलायला कुणी हवं असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. आणि परत घेतलं असं कळलं तर भांडण सकाळी करा, आधी १०८.